एका मुलाला एकच बक्षीस

अकरा दिवस ती ढाल आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी होती आणि अकरा दिवस मी सोफ्यावर धड बसले नाही. चहा घेऊन बसायचं, नजर ढालीकडे गेली की उठून किचनमध्ये जायचं. किचनमध्ये काही काम नसायचं. नवरा म्हणाला, "बीपी तपासून घे." बीपीला काय झालंय डोंबल! मला काय झालं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

सांगते. पण मला सांगायचंय ते अंबादास खिल्लारेबद्दल. माझं मध्ये मध्ये येईल, त्याला इलाज नाही, कारण घाण मीच केली होती.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची एक फॅक्टरी आहे, तिथे अंबादास स्टोअरकीपर. मूळचा हिंगोलीकडचा. सतरा-अठरा वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आला. एकदा स्टोअरमध्ये रॅकवरची लेबलं लिहायची होती, कोणाचं अक्षर कोणाला लागेना. अंबादासने एक लेबल लिहून दाखवलं. मल्याळी सुपरवायझरने ते बोटाने घासून बघितलं आणि विचारलं, "ये प्रिंट है क्या?" त्या दिवशी त्याच्या हातातला पाना सुटला तो सुटलाच. पुढे पगार वाढला, फॅमिली व्हिसा झाला, बायको कुशावर्ता आणि दीड वर्षाची पर्णिका इकडे आली. हे सगळं अक्षरामुळे. तो स्वतः तसंच म्हणतो.

आमच्या मराठी मंडळात तो आला तोही अक्षरामुळे. दरवर्षी जूनमध्ये दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव सोहळा असतो. आधी प्रमाणपत्रं दुबईच्या जुन्या बाजारभागात, देऱ्याच्या एका दुकानात प्रिंट करायचो, तिथला पोरगा 'श्रेयस'चा 'शेरयास' करायचा. मग कोणीतरी अंबादासचं नाव सुचवलं. तेव्हापासून चौदा वर्षं सगळी प्रमाणपत्रं त्याच्या हातची. हात धुऊन बसतो, पेन्सिलीने दोन रेघा मारतो, काळ्या शाईने लिहितो, शाई पूर्ण वाळली की रेघा खोडतो. लोकांनी ती फ्रेम करून लावली आहेत, घरी पाहुणे आले की दाखवतात. लिहिलं कोणी, ते कोणी सांगत नाही.

आणि खुर्च्या. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अंबादास येणार, हॉलमध्ये खुर्च्या मांडणार, कार्यक्रमभर शेवटच्या रांगेमागे दाराजवळ उभा राहणार आणि सगळे जेवून गेले की खुर्च्या उचलून थप्प्या लावणार. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी 'नको' असंही म्हटलं नव्हतं. आता लिहिताना हे वाईट दिसतंय, तेव्हा दिसत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी एका कॉन्ट्रॅक्टरने मंडळाला देणगी दिली, अट अशी की मागासवर्गीय घरातल्या एका मुलाला दरवर्षी 'विशेष प्रोत्साहन पुरस्कार' द्यायचा. हजार दिरहम, म्हणजे तेवीस-चोवीस हजार रुपये, आणि प्रमाणपत्र. झालं! मीटिंगमध्ये तीन तास रणकंदन. रुपेश, ज्याचा देऱ्यात मसाल्याचा आणि फरसाणचा मोठा धंदा आहे, तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "इथे कसली आली जात? इमिग्रेशनच्या लाइनीत सगळे सारखे. पासपोर्टवर जात लिहिलेली असते का?"

मी पुरस्काराच्या बाजूने बोलले. चांगली जोरात बोलले. ते आठवलं की आता कानशिलं गरम होतात.

मग कोणाला तरी आठवण झाली की अंबादास तिथेच आहे, खुर्च्या उचलायला थांबलाय. "अंबादास, तुम्ही सांगा." सगळ्या माना मागे वळल्या. हातातली खुर्ची खाली ठेवून तो म्हणाला, "साहेब, पासपोर्टवर नसते. पण आडनाव सांगितलं की 'गाव कोणतं' येतं, गाव सांगितलं की 'गावात घर कुठं' येतं. इथं सुद्धा. आता बक्षिसाचं म्हणाल तर माझ्या पोरीला त्याची गरज नाही. तिला टेबल आहे, लाइट आहे, मी आहे. पण शेअरिंगच्या खोलीत राहणाऱ्या ड्रायव्हर-हेल्परची लेकरं आहेत, घरातलं पहिलं माणूस बारावीला बसतंय. त्यांचं नाव एकदा माइकवर ऐकलं की त्या घरातली धाकटी पण अभ्यासाला बसतात. ठेवा ते."

ठेवलं. फॉर्मवर 'मागासवर्गीय' असा एक रकाना वाढला, ऐच्छिक. आणि आम्ही भल्या माणसांनी आणखी दोन गोष्टी ठरवल्या. एक, विशेष पुरस्काराच्या मुलाचे टक्के स्टेजवर वाचायचे नाहीत, उगाच त्याला कमीपणा नको. दोन, एका मुलाला एकच बक्षीस, म्हणजे जास्त मुलांना मिळेल. दोन्ही ठराव मीच मांडले होते. काय ती माझी माया!

यंदा पर्णिका बारावीला होती. माझा प्रणवही, तिच्याच शाळेत, तिच्याच वर्गात. निकाल लागला, फॉर्म आले. निकालाचं काम माझ्याकडे असतं, कारण क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर दिवसभर एक्सेल बघणारी बाई मंडळात मी एकटीच. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. पर्णिका, सत्त्याण्णव पॉइंट आठ. प्रणव, सत्त्याण्णव पॉइंट दोन. पर्णिकाच्या फॉर्मवर त्या रकान्यात खूण होती.

नियम एका मुलाला एकच बक्षीस. पण आधी कोणतं बक्षीस काढायचं, ते आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. मी आधी विशेष काढलं. तिथे पर्णिकाचं नाव टाकलं, मुख्य यादीतून उडवलं आणि मग वरून तीन नावं घेतली. पहिलं नाव प्रणवचं आलं. पहिला येणाऱ्याला फिरती ढाल मिळते, एक वर्ष घरी ठेवायला. तिच्यावर सव्वीस वर्षांच्या पहिल्या नंबरांची नावं पितळी पट्ट्यांवर आहेत.

यादी मी अंबादासला व्हॉट्सॲपवर पाठवली. नावं, बक्षीस, आणि टक्क्यांचा रकाना काढायचा राहिला तो तसाच. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बरं ताई."

सोहळा झाला. सूत्रसंचालकाने "विशेष प्रोत्साहन पुरस्कार, कुमारी पर्णिका अंबादास खिल्लारे" असं पुकारलं, टक्के नाहीत. टाळ्या पडल्या, त्या असतात ना, 'बिचारी'वाल्या, जरा जास्तच लांबलेल्या. पर्णिका स्टेजवर आली, प्रमाणपत्र घेतलं, फोटोला थांबली नाही. मग "प्रथम क्रमांक, सत्त्याण्णव पॉइंट दोन टक्के" आणि माझा प्रणव. मी मागे वळून अख्ख्या हॉलकडे बघितलं, आईच ना मी. दाराजवळ अंबादास टाळ्या वाजवत होता.

खरं तर खलास व्हायचं तिथेच. झालं नाही, कारण रुपेश.

त्याची मिहिका चौथी आली होती, तीन बक्षिसांच्या बाहेर. चार-पाच दिवस तो धुमसत होता. मग मंडळाच्या ग्रुपवर भला मोठा मेसेज टाकला. हे विशेष-बिशेष बंद करा. आमच्या मुलांनी रात्रंदिवस मेहनत करायची आणि बक्षीस कोणाला, तर जातीवर. हिंमत असेल तर कमिटीने त्या मुलीचे टक्के जाहीर करावेत. किती कमी मार्कांवर बक्षीस मिळतं ते सगळ्यांना कळू दे. खाली अठरा अंगठे. आणि मग, "सुलभाताई, शीट तुमच्याकडे आहे. टाका ग्रुपवर."

मी फोन उलटा ठेवला. सरळ केला. परत उलटा ठेवला. क्लिनिकमध्ये एका पेशंटला दुसऱ्याच डॉक्टरकडे पाठवलं. अध्यक्षांचा फोन आला, "काही टाकू नका, वाद वाढेल. आठवड्याने सगळे व्हेकेशनला जातील, आपोआप निवेल." मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच इतकी किळस आली की सांगता सोय नाही.

संध्याकाळी प्रणव हेडफोन काढून म्हणाला, "मम्मा, जस्ट पोस्ट द मार्क्स."

"तुला काय माहीत त्यातलं?"

"एव्हरीवन इन स्कूल नोज. पर्णिका टॉप्ड. शी टॉप्स एव्हरी टाइम." मग ढालीकडे न बघता, "आय टोल्ड यू आय डोन्ट वॉन्ट दॅट थिंग इन माय रूम. यू नेव्हर आस्क्ड व्हाय."

खरंच, नव्हतं विचारलं. मला वाटलं, खोलीत जागा नाही म्हणून.

शनिवारी ढाल गाडीत मागच्या सीटवर घातली, सीटबेल्ट लावला आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क गाठलं. चौदा वर्षांत अंबादासच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. लिफ्टमध्ये मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. चूक झाली, लक्षात आलं नाही, सिस्टीमचा घोटाळा. एक सोडून सगळी खोटी.

कुशावर्तेने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, ढालीकडे बघितलं आणि पाणी आणायला आत गेली. एकच खोली आणि हॉल. खिडकीशी पर्णिकाचं टेबल, वर बाबासाहेबांची तसबीर, टेबलावर अल ऐनच्या युनिव्हर्सिटीची कागदपत्रं. विशेष पुरस्काराचं प्रमाणपत्र कुठेच दिसत नव्हतं.

"अंबादास," मी ढाल सोफ्यावर ठेवत म्हटलं, "ही पर्णिकाची आहे. तुम्ही यादीत टक्के बघितले होते ना? मग मला बोलला का नाहीत?"

त्याने सोफ्यावरची ढाल नीट सरळ केली. मग म्हणाला, "बघितले ना ताई. विशेष आधी लिहिलं. मग प्रथमचं घेतलं, 'प्र' काढला आणि टक्के बघितले. पेन खाली ठेवलं. हात धुऊन आलो. परत बसलो. म्हटलं, फोन लावावा. मग वाटलं, काय बोलायचं? लोक म्हणतील, ह्याला विशेष पण पाहिजे आणि पहिला नंबर पण पाहिजे. फॉर्मवर खूण मीच केली होती. खरं होतं ते लिहिलं, ताई. बक्षीस मागितलं नव्हतं." कुशावर्तेने आणलेलं पाणी त्याने माझ्यापुढे सरकवलं. "प्रणवचं प्रमाणपत्र चांगलं आलंय ना? दोनदा लिहिलं. पहिला कागद वाया गेला."

मला रडू फुटलं. रडायचा हक्क माझा नव्हता, तरी फुटलं.

"आणि दुसरं असं," तो म्हणाला, "पर्णिकाला पहिला नंबर दिला असता तर विशेष कोणाला गेलं असतं? अल क्वोझला राहणारा आपल्या मंडळातला ड्रायव्हर आहे ना, त्याच्या उत्पलाला. एकोणऐंशी टक्के, एका खोलीत सहा माणसं. ज्यांच्यासाठी ठेवा म्हणालो, त्यांचंच माझ्या पोरीच्या हातात दिलं तुम्ही."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणजे एका फटक्यात दोन मुलींचं गेलं.

पर्णिका दाराला टेकून उभी होती. "आंटी, प्लीज टेक इट बॅक."

"अगं, तुझी आहे. सोमवारी देऱ्याला जाऊन पट्टीवर तुझं नाव..."

"आंटी, स्टेजवर माइकवर सगळ्यांसमोर वाचलं होतं," ती मराठीत बोलली, सावकाश, शब्द शोधत. "आता घरी गुपचूप आणून देताय. हे कोणी बघितलं? रुपेश अंकल आता पण म्हणतात की माझे मार्क्स कमी आहेत." मग तिचा आवाज चढला. "सगळे असे टाळ्या वाजवत होते ना, ॲज इफ आय वॉज सिक!"

"पर्णिका," अंबादास म्हणाला. पण ओरडला नाही.

ढाल परत गाडीत. परत सीटबेल्ट.

तिथून तडक देऱ्याला गनीभाईंकडे गेले. ते रत्नागिरीचे, गोल्ड सूकच्या, म्हणजे सोन्याच्या बाजाराच्या मागे त्यांचं ट्रॉफी आणि शिक्क्यांचं दुकान आहे, पितळी पट्ट्या तेच कोरतात. सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, मी विचारलेलं तुम्हाला, नाव पक्कं ना म्हणून. तुम्ही म्हणालात, पक्कं, गनीभाई, यल्ला, लवकर करा." प्रणवच्या नावाची पट्टी त्यांनी काढली. "नवी बसेल, पण माझ्याकडची आता जरा लहान आहे. जुनी भोकं दिसत राहतील."

"दिसू देत," मी म्हटलं.

सुट्टीला जाण्याआधी मंडळाचं एक निरोपाचं जेवण असतं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, त्याच हॉलमध्ये, पुढच्याच शुक्रवारी. तिथे माइक घ्यायचा ठरवला. कोरं प्रमाणपत्र घरात होतं, पण लिहायचं कोणी? अंबादासला फोन केला. "माझ्या पोरीचं मी नाही लिहिणार ताई, ते बरं नाही दिसत," एवढंच म्हणाला. मग मीच बसले. पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, त्याच तिरक्या. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर 'प्रथम' कसंबसं बसलं, 'पर्णिका'ला जागा पुरेना, 'खिल्लारे' कडेला चिकटलं. आणि घाईत रेघा खोडायला गेले तर शाई ओली.

शुक्रवारी अध्यक्षांनी दोन वेळा अडवलं. "सुलभाताई, जेवणं होऊ देत." जेवणं झाल्यावर कोण ऐकणार होतं! मी माइक घेतला.

"रुपेश, तुम्ही टक्के मागितले होते," मी म्हटलं. "घ्या. पर्णिका खिल्लारे, सत्त्याण्णव पॉइंट आठ. प्रणव, माझा मुलगा, सत्त्याण्णव पॉइंट दोन. यंदा पहिली पर्णिका आहे. तिला कुठल्या रकान्यामुळे काही जास्तीचं मिळालं नाही, उलट त्या रकान्यामुळे तिचा पहिला नंबर गेला. आणि घालवलं मी. चुकून नाही. मी आधी यादी बरोबर केली होती. पहिलं नाव पर्णिकाचं लिहिलं होतं, दुसरं प्रणवचं. ते बघितलं, चहा केला, परत आले आणि बक्षिसं काढायचा क्रम बदलला. मनाला सांगितलं, नियम आहे, एका मुलाला एकच बक्षीस. नियमाला ते कळत नव्हतं, मला कळत होतं."

माझा नवरा ताटाकडे बघत बसला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. पहिला आवाज आला तो रुपेशचा. "म्हणजे आमची मिहिका आता पाचवी?"

एवढं सगळं ऐकून माणसाला हे सुचलं! मला हसू यायला लागलं, आणि हसले असते तर थांबले नसते. तेवढ्यात प्रणव उठला. ढाल उचलून पर्णिकाकडे गेला आणि म्हणाला, "इट्स हेवी, होल्ड द बॉटम." मी परत माइकवर वाचलं, टक्क्यांसकट, सावकाश. आणि त्यानंतर, विशेष प्रोत्साहन पुरस्कार, उत्पला, टक्क्यांसकट. एकोणऐंशी. तिचा बाप ड्रायव्हरच्या युनिफॉर्ममध्येच आला होता, तो उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. या वेळच्या टाळ्या लांबल्या नाहीत. काही जणांनी वाजवल्याच नाहीत, तेही मी बघितलं.

पर्णिका फोटोला थांबली. चांगले चार फोटो काढू दिले.

मग प्रमाणपत्र घेऊन मी दाराजवळ अंबादासकडे गेले. त्याने दोन्ही हातांनी धरलं, उजेडाकडे केलं, 'प्रथम'वरून नजर फिरवली, कडेला चिकटलेल्या आडनावापर्यंत गेला, मग शाई पसरली होती तिथे थांबला.

"फार वाईट अक्षर आहे ताई तुमचं."

"माहीत आहे मला. तुम्हीच घरी नीट लिहून घ्या ना, कोरा कागद आणलाय मी."

"नको. हेच राहू दे." त्याने ते अलगद छातीशी धरलं. "आणि पुढच्या वर्षी अक्षरासाठी दुसरं माणूस बघा. मी नाही लिहिणार."

रागावलात का, असं विचारणार होते. पण कोणत्या तोंडाने विचारायचं? तो कुशावर्तेला म्हणाला, चला. पर्णिकाने ढाल उचलली, खालून धरून, आणि तिघं दारातून बाहेर गेली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच अंबादास जेवणं व्हायच्या आत घरी गेला होता.

त्या दिवशी खुर्च्या आम्ही उचलल्या. दोनशे दहा होत्या.